ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं

लिफ्ट बंद पडली की पहिली शिवी कुणाला घालता तुम्ही? खरं सांगा. बटण चारदा दाबता, दारावर थाप मारता आणि म्हणता, "तो लिफ्टवाला मेला कुठे?" तो खरंच मेलेला असू शकतो, हे तेव्हा डोक्यातही येत नाही. दार लोखंडी असतं, खड्डा दाराच्या आड असतो आणि तुम्हाला सहाव्या मजल्यावर जायची घाई असते.

ही ज्याची गोष्ट आहे त्याला सगळे ओळंबा म्हणतात. लिफ्टचे रूळ बसवताना वरपासून खालपर्यंत वजन बांधलेली दोरी सोडतात, तो ओळंबा. रूळ सरळ उभा आहे की तिरका, ते तो सांगतो. हा माणूस तसाच. वाऱ्याने जरा झुलेल, पण परत आपल्या जागी येऊन उभा. बायको म्हणते, "ओळंबा कसला, खुंटा आहे नुसता. हलायचं नाव नाही."

सत्तावीस वर्षं तो लिफ्टच्या विहिरीत उतरला. ग्रीसने काळी पडलेली नखं, डाव्या कोपरावर जुना व्रण, कमरेच्या पट्ट्याला एक चावी. ती चावी त्याच्या कुलपाची. विहिरीत उतरण्याआधी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचं, मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि 'आत माणूस आहे' अशी पाटी अडकवायची. मग जीव खाली न्यायचा. ते कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही. मालकाने नाही, साहेबाने नाही, सख्ख्या भावाने नाही. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. ओळंब्याच्या कुलपावर छिन्नीने ठोकलेला आकडा होता, सतरा.

ही रीत तो किती पाळायचा त्याचा एक किस्सा सांगतात. एकदा एक मेकॅनिक काम आटोपून कुलूप तसंच विसरून घरी गेला. लिफ्ट बंद, रहिवासी खवळलेले, एकाने तर करवतही आणून दिली. ओळंब्याने करवत परत केली. दोन बस बदलून त्या माणसाच्या घरी गेला, तो तापाने फणफणलेला, तरी त्याला घोंगडीसकट रिक्षात घातलं आणि त्याच्याच हाताने कुलूप काढवलं. दोन मिनिटांच्या कामाला चार तास. लोक म्हणाले, डोकं फिरलंय याचं. ओळंबा म्हणाला, "तो आत नाही, हे तुम्ही मला सांगताय. तो आत नाही, हे मला त्यानेच सांगायला हवं."

हा किस्सा ध्यानात ठेवा. याच शहाणपणाने पुढे त्याचा घात केला.

त्याच्या जोडीदाराचं टोपणनाव रेडिओ. दोघं कामाला असले की खालच्याने बोलत राहायचं, ही या धंद्यातली दुसरी रीत. आवाज येतोय तोवर माणूस धड आहे. बाकीचे नुसतं "हो... हो..." करत बसतात. हा मात्र बातम्या द्यायचा. बायकोने काल काय सुनावलं, मेहुणा कुठे तोंड लपवून बसलाय, पोरीने शाळेत काय प्रताप केला.

"बंद कर की रे जरा!" ओळंबा वरून ओरडायचा.

"बंद केला तर तुझीच फाटेल, ओळंब्या."

अकरा वर्षं असं चाललं होतं.

त्या मंगळवारी सकाळी दोघं एका सात मजली इमारतीत गेले. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपलं होतं. ओळंबा गच्चीवर गेला, दांडा ओढला, सतरा नंबर घातला, पाटी अडकवली. रीतीप्रमाणे रेडिओचंही कुलूप शेजारी हवं होतं. पण ते आठ महिन्यांपूर्वी मोडलं होतं आणि कंपनी "मागवलंय, मागवलंय" यापलीकडे जात नव्हती. म्हणून दोन जीव एका कुलपावर. गच्चीवर कपडे वाळत घालायची तार होती. त्या वेळी ती रिकामी होती.

खाली येऊन त्याने रेडिओला खड्ड्यात उतरवलं. तो डब्याने पाणी उपसायला लागला. एक बाई लहान मुलाला घेऊन जिन्यापाशी उभी होती, मूल सारखं वाकून बघायचं. आत पडेल म्हणून ओळंब्याने दार ओढून घेतलं.

"अरे, अंधार केलास की!"

"बॅटरी लाव. आणि बोलत राहा. मी बादली आणतो मागून."

दार लागलं की लिफ्टच्या हिशेबाने सगळं ठीकठाक असतं. खड्ड्यात एक लाल बटण असतं, ते दाबलं की लिफ्ट हलत नाही. ते मोडलेलं होतं. ओळंब्याने दोनदा लिहून दिलं होतं. पण वर कुलूप आहे म्हटल्यावर भीती कशाची?

बादली घेऊन तो परत येत होता. दारामागून रेडिओ चालू होता. पोरीने वर्गातल्या कुणाचा तरी दात पाडला होता, बाईंनी आईला बोलावलं होतं, आणि दात पाडला तो कुणाचा, तर... तेवढ्यात मोटर घुमली. हा आवाज ओळंब्याला झोपेतही कळतो. त्याने बादली टाकली, दारावर दोन्ही मुठी आपटल्या, "थांबवा! माणूस आहे आत!" असा घसा फाडून ओरडला.

गोष्ट अर्ध्यावर राहिली. तो दात कुणाचा, हे ओळंब्याला आजवर कळलेलं नाही. वहिनीला, म्हणजे रेडिओच्या बायकोला, विचारायची हिंमत झाली नाही.

लिफ्ट माणसावर बसली की ती हातानेच उचलावी लागते. मशीन रूममध्ये मोटरवर एक चाक असतं, ते फिरवायचं. सात मजले तो धावत चढला. गच्चीवर पोचला तेव्हा तारेवर एक निळी चादर होती. टपटप गळत होती, तिच्या ओल्या किनारीखालून वाकून तो आत शिरला. वॉचमन भिंतीला चिकटून उभा, हात पाठीमागे, तोंड पांढरं.

"कुणी चालू केली?"

"साहेबांचं कपाट आलं... सहाव्यावर... साहेब म्हणाले, तोड."

ओळंब्याच्या पायाखाली काहीतरी आलं. त्याने बघितलं. सतरा नंबर. कडी कापलेली. उचलायला वाकला नाही. दोन्ही हात चाकाला होते आणि खाली त्याचा माणूस होता. पायाने बाजूला सारलं आणि चाक फिरवत राहिला. आज विचारलं तर सांगतो, "खिशात टाकायला किती वेळ लागला असता? एक क्षण. पण तो क्षण रेडिओचा होता."

दुपारी पोलिसांबरोबर तो परत वर आला तेव्हा कुलूप नव्हतं, पाटी नव्हती. मशीन रूम झाडून काढलेली होती. बारा महिन्यांत जिथे कुणी झाडू मारला नाही, ती खोली आरशासारखी! पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'कुलूप आढळून आले नाही.' वॉचमनने जबाब दिला की स्विच नुसताच बंद होता, कुलूप नव्हतंच, कुणी काही सांगितलं नाही, मीच चालू केला. कपाट होतं सोसायटीच्या सेक्रेटरीचं, पण त्या साहेबांचं नाव कुठे आलं नाही. गुन्हा दाखल झाला ओळंब्यावर. निष्काळजीपणाने जोडीदाराच्या मरणाला कारण झाला म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ते असं.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या मॅनेजरने त्याला बोलावलं. "काळजी करू नको. मोठे वकील आहेत आपले. सही कर." कागदावर जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. ओळंब्याने फुलीवर सही केली. कागद होता वकीलपत्र, म्हणजे माझ्या वतीने कोर्टात तुम्ही बोला, असं वकिलाला दिलेलं लेखी. त्याने तो वाचला नाही. गेल्या रात्रीपासून त्याला अक्षरं दिसत नव्हती.

मोठ्या वकिलांनी त्याला आठवड्याने भेट दिली. ओळंब्याने सगळं सांगितलं. कुलूप, कपाट, झाडलेली खोली, निळी चादर.

"चादरीचं काय करू मी?" वकील म्हणाले.

"साहेब, मी कुलूप लावलं तेव्हा तार रिकामी होती. मी परत वर गेलो तेव्हा चादर गळत होती. म्हणजे मधल्या वीस मिनिटांत कुणीतरी गच्चीवर होतं. कुलूप तोडताना त्या माणसाने बघितलं असणार. निदान ऐकलं असणार."

वकिलांनी पेनचं टोपण लावलं. "तुम्ही दोघं आणि कुलूप एक. दुसऱ्याचं कुठे होतं?"

"कंपनीने आठ महिने दिलं नाही."

"हं. मग कुलपाचा विषयच काढायचा नाही. तुमचा जोडीदार तुम्हाला न सांगता खड्ड्यात उतरला. संपलं."

"मीच उतरवला त्याला."

"तो येऊन सांगणार आहे का?"

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं ऐकलं होतं. टेबलामागे बसून, टोपण लावलेल्या पेनाने खातात, हे ओळंब्याला त्या दिवशी कळलं.

ओळंब्याची बायको कोर्टासमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानात काम करते. दिवसभर तिच्या काचेवरून खटल्यांचे कागद सरकतात, आणि मशीन तापेपर्यंत ती ते वाचते. कायद्याची पदवी नाही, पण कुणाचा वकील कुणासाठी राबतोय हे ती चार पानांत ओळखते. घरी येऊन तिने चपला काढायच्या आधी तोंड उघडलं.

"अहो, हा वकील तुमचा नाही. कंपनीचा आहे. कंपनीची मान सोडवायला तुमची मान देतोय."

"सही माझी आहे ना त्याच्या कागदावर."

"मग दुसऱ्या कागदावर दुसरी करा! लग्न लावलंय का त्याच्याशी?"

"त्याने स्वतः मोकळं केलं पाहिजे. आपण मध्येच तोडायचं नाही."

"का नाही?"

"ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. मी जाऊन तोडलं तर त्या वॉचमनमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला?"

ती म्हणाली, "तुमच्या कुलपाने एक गेला. आता दुसराही जाणार," आणि म्हणून झाल्यावर स्वतःच रडायला लागली.

त्याच आठवड्यात रेडिओची बायको दारात आली. हातात कंपनीचं पत्र. 'मयत कामगार कोणाच्याही परवानगीशिवाय, स्वतःच्या मर्जीने खड्ड्यात उतरला.' ती आत आली नाही, उंबऱ्यावरच थांबली.

"भावजी, तुम्ही सांगितल्याशिवाय ते उतरले?"

"नाही वहिनी. मीच सांगितलं."

"कुलूप लावलं होतं?"

"लावलं होतं."

"मग हे कोर्टात कोण सांगणार? माझी पोरगी मोठी होऊन कागद वाचेल, तेव्हा तिचा बाप मूर्ख होता, असंच वाचायचं का तिने?"

"मी सांगणार," ओळंबा म्हणाला. त्याला तुरुंगाची धास्ती नव्हती असं नाही. पण त्या संध्याकाळनंतर त्याच्या लेखी खटला एवढाच उरला. कुलूप होतं, हे कोर्टाच्या कागदावर यायला हवं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? दुसऱ्या सकाळी दुसरा वकील गाठला असता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण लिफ्टवाल्याचा पायऱ्यांशी संबंध कधी आला? ओळंबा गेला जुन्याच वकिलांकडे, रीतसर सोडवणूक मागायला.

पहिल्यांदा कारकून म्हणाला, "साहेब बाहेरगावी आहेत."

दुसऱ्यांदा चार तास बाकावर बसवलं. भिंतीवर वकिलांचा सत्कार होतानाचे सात फोटो होते, ते त्याचे पाठ झाले. मग कारकून म्हणाला, "वकील बदलायला 'ना हरकत' ना? देतो की. पुढच्या तारखेला लिहून देतो."

तिसऱ्यांदा गेला तेव्हा वॉचमनची साक्ष दोन दिवसांवर आली होती. "एवढी साक्ष होऊन जाऊ दे," कारकून म्हणाला, "मग सुटलात तुम्ही."

आणि ओळंब्याने ते मानलं. त्याच्या धंद्यात कुलूप लावणारा माणूस येतोच. तापात घोंगडी पांघरून येतो. कुलूप लावून मुद्दाम न येणारी जमात असते, हे त्याला सत्तावीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. चिडून सांगावंसं वाटतं, अरे खुंट्या, ऊठ! पण तेव्हा त्याला सांगणारी फक्त बायको होती, आणि बायकोचं ऐकायची आपल्याकडे पद्धत कुठे आहे?

साक्षीच्या दिवशी मोठे वकील आलेच नाहीत. ज्युनिअर आला. ज्युनिअर म्हणजे वयाने पन्नाशीचा, केस पिकलेला, कोटाची एक गुंडी कायमची तुटलेली. वॉचमन पिंजऱ्यात चढला. सरकारी वकिलाने विचारलं, तसं त्याने सांगितलं. कुलूप नव्हतं. पाटी नव्हती. कुणी हुकूम दिला नाही.

न्यायाधीशांनी मान न उचलता विचारलं, "उलटतपास?"

"नाही, साहेब," ज्युनिअर म्हणाला.

झालं. दोन शब्द. साक्षीदाराला खोडून काढायची जी एकच वेळ असते, ती तेवढ्यात संपली. वॉचमन लगेच उतरला नाही. क्षणभर तसाच उभा राहिला, ओळंब्याकडे बघत, जणू कुणी एकदा नीट विचारलं असतं तर सांगून मोकळा झाला असता. पट्टेवाल्याने पुढच्या खटल्याचा पुकारा दिला, तेव्हा तो खाली मान घालून निघून गेला. ओळंबा आरोपीच्या जागी लाकडी कठडा धरून उभा होता. ओरडावं असं त्याला वाटलं. पण कोर्टात आपण बोलायचं नसतं, आपला वकील बोलतो, असं त्याला सांगितलेलं होतं.

बायको दुकान सोडून धावत आली होती, बोटांना मशीनची काळी पूड तशीच. तिने जिन्यात त्याचा दंड धरला आणि फरफटत खाली नेला.

जिन्याखालच्या सांदीत एक वकीलबाई बसते. टेबलाचा एक पाय तुटका, त्याखाली कायद्याची जुनी पुस्तकं. बाई आडदांड, आवाज खणखणीत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आजवर कशाची वाट बघत होतात?"

"त्यांच्या ना हरकतीची."

"ओ मिस्त्री, जुना वकील ना हरकत देत नसेल तर तसं कोर्टाला अर्जात लिहायचं आणि वकील बदलायचा. पहिल्या दिवसापासून बदलता येत होता."

"पण त्यांचं कुलूप..." ओळंबा म्हणाला.

"कसलं कुलूप?"

बायकोने सांगितलं, कसलं ते. वकीलबाई हसली नाही. उलट जरा खालच्या आवाजात म्हणाली, "वकीलपत्र तुम्ही दिलेलं असतं. त्याने घेतलेलं असतं. म्हणजे कुलूप तुमचंच, मिस्त्री. चावी तुमच्याच पट्ट्याला. आणि तुम्ही त्याच्या दारात बसून राहिलात."

ओळंब्याने नवं वकीलपत्र मागितलं आणि पहिल्या शब्दापासून वाचायला बसला. अडलं तिथे अर्थ विचारला. मागे रांग लागली. एक जण कुरकुरला, "परीक्षा आहे का?" वकीलबाईने डोळे वटारले. "हो. तुमचीही घेते, थांबा." पाऊण तासाने त्याने सही केली. पेन्सिलीची फुली नव्हती, जागा त्याने स्वतः शोधली.

वकीलबाईने वॉचमनला परत बोलवायचा अर्ज केला. न्यायाधीश म्हणाले, "खटला निम्मा झाल्यावर आठवण झाली?" तरी अर्ज मंजूर केला. समन्स गेलं आणि परत आलं. 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.' दुसरं गेलं, तेही आलं. वॉचमनच्या केबिनमध्ये आता दुसराच माणूस बसला होता, त्याला पहिल्याचं नावही माहीत नव्हतं. तिसऱ्या खेपेला न्यायाधीशांनी नाही म्हटलं. वरातीमागून घोडं किती वेळा नाचवणार?

सेक्रेटरी साहेबांची साक्ष मात्र बाकी होती. त्यांना वकीलबाईने सोडलं नाही.

"त्या दिवशी तुमच्याकडे कपाट आलं?"

"आलं असेल. आठवत नाही."

"हे दुकानाचं पोच झाल्याचं चिटोरं. सही तुमची?"

"हो. आलं होतं."

"सहाव्या मजल्यावर नेलं कसं?"

"जिन्याने."

"लोखंडी कपाट, सहा मजले, जिन्याने?"

"तगडे होते हमाल."

"त्याच हमालांनी पोचेवर शेरा लिहिलाय. 'लिफ्ट चालू होईपर्यंत नऊ मिनिटं थांबलो.' जिन्याने न्यायचं होतं, तर लिफ्टची वाट कशाला बघितली? मुहूर्त निघायचा होता का?"

कोर्टात हशा पिकला. ओळंबाही कितीतरी महिन्यांनी हसला. पण हसू नोंदीत येत नाही. कपाट आलं हे कागदावर आलं, कुलूप आलं नाही.

इमारतीत वकीलबाई आणि ओळंब्याची बायको दारोदार फिरल्या. चौदा दारं. निळी चादर कुणाची, एवढाच प्रश्न. कुणी म्हणालं आमच्याकडे सगळ्या पांढऱ्या, कुणी म्हणालं आम्ही नवीन आलोय. एका बाईंनी तर गच्चीवर आपण कधी गेलोच नाही, गच्ची कुठून आहे तेही माहीत नाही, असं सांगितलं. त्यांच्या मागे बाल्कनीत चिमट्यांची टोपली होती. चौथ्या मजल्यावरचं एक दार उघडलं, अर्धवट, आणि आतून कुणीतरी म्हणालं, "आम्हाला सेक्रेटरींशी रोजचा संबंध आहे हो." दार लागलं.

शेवटी ओळंब्याला कोर्टाने विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? तो उभा राहिला. "जोडीदाराला मीच खड्ड्यात उतरवलं. तो स्वतःहून गेला नाही. मी कुलूप लावलं होतं. ते तोडलं." पट्ट्याची चावी काढून त्याने पुढे केली. "ही त्याची चावी."

निकालपत्रात त्याबद्दल दोन ओळी आहेत. 'आरोपीनेच मयतास खड्ड्यात उतरवल्याचे कबूल केले आहे. चावी हजर केली, कुलूप हजर नाही.' जे खरं बोलला ते त्याच्याविरुद्ध धरलं गेलं, आणि जे खरं होतं ते शाबित झालं नाही. एक वर्षाची शिक्षा. अपील केल्यामुळे सध्या तो बाहेर आहे.

निकालाच्या दिवशी रेडिओची बायको शेवटच्या बाकावर बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "भावजी, तुम्ही बोललात. मी ऐकलं." ओळंब्याला तिच्याकडे बघता आलं नाही.

कंपनीने त्याला काढलं. आता तो एका टपरीत पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. एखाद्या गिऱ्हाईकाचा पंखा पाचव्या मजल्यावर असला तरी जिना चढतो आणि प्रत्येक मजल्यावर थांबून लिफ्टच्या दाराला कान लावतो. पंख्याची वायर सोडताना मेन स्विच बंद करतो आणि घरातल्या माणसाला त्याच्यासमोर उभं करतो. "इथून हलायचं नाही," म्हणतो. लोकांना तो चक्रम वाटतो.

वकीलबाई सांगते की अपिलात नवा साक्षीदार सहसा घेत नाहीत. पण कुलूप तुटताना बघणारं कुणी स्वतःहून पुढे आलं, तर अर्ज करता येतो, आणि असा अर्ज ती करणार. तारीख दोन महिन्यांवर आहे.

तेव्हा आता सरळ तुमच्याशीच बोलायचंय. सात मजली इमारत, समोर औषधांचं दुकान, गच्चीवर दोन टाक्या, एक काळी, एक निळी. त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तुम्ही तिथे चादर वाळत घातलीत. तुम्ही दोषी नाही. तुम्हाला कुणी आरोपी करणार नाही. मशीन रूमच्या दारात कोण होतं, त्याच्या हातात काय होतं, दांड्याला कुलूप होतं की नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे, आणि तेवढंच हवंय. वकीलबाई कोर्टाच्या जिन्याखाली बसते, टेबलाचा एक पाय पुस्तकांवर आहे, चुकायचं नाही. सेक्रेटरींना विचारू नका. घरच्यांनाही नंतर सांगा. उद्या सकाळी निघा आणि तुम्ही जे बघितलं ते तिला सांगून या.